गणवेशाचा धागा

इचलकरंजीत आमच्या घराबाहेरच्या भिंतीला, दाराच्या उजव्या अंगाला, एक मोठा खिळा होता. आप्पा मागावरून परतले की त्यांचा कामाचा शर्ट त्या खिळ्यावर राहायचा, घरात यायचा नाही. पाळी संपवून आलेल्या माणसाच्या भुवयांवर, कानांवर, मनगटाच्या केसांत कापसाचं पांढरं तूस बसलेलं असायचं. मागवाल्यांना गणवेश नव्हता, पण त्या तुसामुळं गल्लीतले सगळे कामगार संध्याकाळी एकाच रंगाचे दिसायचे. आई आप्पांना दारातच थांबवायची, शर्ट उलटा करून झटकायची आणि मगच पाण्याचा तांब्या हातात द्यायची. तरी तूस घरात यायचंच. ते पिठाच्या परातीत सापडायचं, माझ्या वह्यांत सापडायचं. समईच्या तेलकट बुडाला तर त्याचा काळा थर जमायचा. एखाद्या दिवशी शर्ट झटकताना आई म्हणायची, "आज रंगीत बीम चढवलाय वाटतं." आप्पा मान हलवायचे.

पुढं तीस वर्षं सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत मी आईचंच काम केलं. अंगावरचं तूस बघायचं आणि माणूस कुठून आला ते ओळखायचं. फरक एवढाच की आईच्या बोलण्यावर कुणाचं आयुष्य अवलंबून नव्हतं.

आमच्याकडं कपडे यायचे ते कागदी पाकिटांत, लाखेच्या सीलसह, पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावून. आधी सील तपासायचं, मग पाकीट उघडायचं, मग कपड्यावर चिकटपट्टी दाबून दाबून तंतू उचलायचे. ही चिकटपट्टीची पद्धत झुरिकच्या माक्स फ्राय-झुल्त्सर यांनी १९५१ साली मांडली, आणि आजही तिच्याइतकं साधं साधन दुसरं नाही. मग सूक्ष्मदर्शक. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. लोकरीच्या केसावर खवले असतात. पॉलिएस्टर काचेच्या काडीसारखा गुळगुळीत, आणि त्याची चकाकी मारण्यासाठी घातलेले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण त्यात काळ्या ठिपक्यांसारखे विखुरलेले. ध्रुवीभूत प्रकाशात तोच पॉलिएस्टर इंद्रधनुष्यासारखा उजळतो. इतकी वर्षं पाहूनही त्या रंगांची मला सवय झाली नाही. ज्या कपड्यावर कुणाचा तरी जीव गेलेला असतो, त्याच कपड्यावर इतकं सुंदर काही दिसावं याचं ओझं प्रत्येक वेळी जाणवायचं.

एक प्रकरण मला कधीच सोडून गेलं नाही. एका कारखान्याच्या कामगार वसाहतीमागं, ओढ्याच्या काठाला, एका बाईचा मृतदेह मिळाला. तिच्या पदराला खांद्यावर सेफ्टी पिन होती. पिनेच्या डोक्यात, जिथं टोक आत शिरतं त्या खोबणीत, निळ्या तंतूंचा लहानसा पुंजका अडकला होता. चिमट्यानं तो सोडवायला मला अर्धा तास लागला. पॉलिएस्टर आणि कापूस, गडद निळा रंग. संशयित त्याच कारखान्यातला कामगार होता आणि त्याचा कंपनीचा शर्ट गडद निळा होता. दोन्ही तंतू तुलना सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले. जाडी तीच, ठिपके तसेच, रंगाचा वर्णपट एकावर एक बसणारा.

मी तपासी अंमलदारांना पत्र लिहून त्याच खात्यातल्या आणखी पाच कामगारांचे शर्ट मागवले. ते आले. सहाही शर्टांचे तंतू मला एकमेकांपासून वेगळे काढता आले नाहीत. काढता येणारही नव्हते. एकाच लॉटचं कापड, एकाच ठेकेदारानं शिवलेलं, सगळ्यांना एकाच दिवशी वाटलेलं. 'गणवेश' या शब्दातच सगळं आलं. गणाचा वेश. त्याचा धागा गण सांगतो, जण सांगत नाही.

याउलट तंतू दुर्मीळ असेल तर त्याचं बळ फार मोठं असतं. अमेरिकेत अटलांटा शहरात १९७९ ते १९८१ या काळात मुलांचे आणि तरुणांचे खून झाले. तिथं अनेक मृतदेहांवर पिवळट हिरव्या नायलॉनचे तंतू मिळाले. त्यांचा छेद तीन पाकळ्यांसारखा, आकार चमत्कारिक. तो एका विशिष्ट गालिच्याचा धागा निघाला आणि १९८२ च्या खटल्यात वेन विल्यम्सविरुद्ध तो मोठा पुरावा ठरला. गालिचा विरळा होता म्हणून धागा बोलका होता. गणवेशाचं नेमकं उलटं. कुणीही वेगळं दिसू नये म्हणूनच तो शिवलेला असतो. आमच्या टेबलावर आलेल्या जप्त कपड्यांवर मला वारंवार भेटलेला तंतू म्हणजे खाकी. तो बहुतेक वेळा आरोपीचा नसायचा. मृतदेह उचलणाऱ्या, कपडे गुंडाळणाऱ्या हातांचा असायचा. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, म्हणून धुळीच्या रंगाचं कापड ते खाकी. शोधायला येणारा माणूसही आपली धूळ मागं ठेवून जातो.

त्या निळ्या धाग्याच्या खटल्यात मला साक्षीला बोलावलं. खरं तर आमचा अहवाल, पोलीस ज्याला सीए रिपोर्ट म्हणतात तो, तज्ज्ञाला न बोलावताही कोर्टात पुरावा म्हणून वाचता येतो. म्हणजे पुष्कळदा आमचे शब्द एकटेच कोर्टात जातात आणि त्यांचा अर्थ समजावून सांगायला तिथं कुणी नसतं. त्या दिवशी मी होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, "मॅडम, म्हणजे हा धागा आरोपीच्या शर्टाचाच आहे?"

"असू शकतो."

"असू शकतो म्हणजे? आहे का नाही ते सांगा."

"असू शकतो, एवढंच सांगता येईल."

आरोपीचे वकील लगेच उठले. "म्हणजे नाही, असंच ना?"

"नाही, असंही म्हणता येणार नाही."

बाहेर व्हरांड्यात त्या बाईची आई बसली होती. हातात कपड्याची पिशवी. मला पाहून ती उठली आणि म्हणाली, "बाई, तुमाला दिसलं ना? मग सांगितलं का न्हाई?"

मला उत्तर देता आलं नाही. मी नमस्कार केला आणि जिना उतरले. हा लेख म्हणजे त्या माउलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

त्या रविवारी मी इचलकरंजीला गेले. आप्पा तोवर मागावरून निवृत्त झाले होते. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, स्वाध्यायाला जायचे आणि दुपारी ओसरीवर 'समयसार' या जैन ग्रंथाचं मराठी भाषांतर घेऊन बसायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण आचार्य कुंदकुंदांचा एकेक दृष्टांत त्यांनी आयुष्यभर चावून पचवला होता. मी त्यांना आमच्या शास्त्राचा पाया सांगितला. १९१० साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात, न्यायालयाच्या इमारतीत माळ्यावरच्या दोन खोल्यांत एदमों लोकार यांनी पोलिसांसाठी प्रयोगशाळा थाटली. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं तत्त्व असं की दोन गोष्टींचा स्पर्श झाला की एकीचं काहीतरी दुसरीवर जातं. सुटका कुणाचीच नाही.

आप्पा हसले नाहीत, चकितही झाले नाहीत. म्हणाले, "मग ह्यात नवं काय? आस्रव म्हंतात त्याला."

ज्या वाचकांना जैन परिभाषा परिचयाची नाही त्यांच्यासाठी सांगते. इतर दर्शनांत कर्म म्हणजे कृती, तिचा संस्कार, तिचं अदृष्ट. जैन दर्शनात कर्म हे द्रव्य आहे, पुद्गल आहे. डोळ्यांना न दिसणारी अतिसूक्ष्म धूळ. मन, वाणी आणि काया हलली की ती धूळ जिवाकडं वाहत येते, तो आस्रव. ती चिकटली की बंध. नवी येणं थांबलं की संवर, जुनी झडली की निर्जरा. लहानपणी पाठशाळेत हे मी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. प्रयोगशाळेत चिकटपट्टी हातात धरताना मात्र ते मला कधी आठवलं नव्हतं.

"पण कुंदकुंद पुढं काय सांगतात बघ," आप्पा म्हणाले. 'समयसारा'च्या बंधाधिकारात एक दृष्टांत आहे. अंगाला तेल लावलेला एक माणूस धुळीच्या जागी शस्त्रं घेऊन व्यायाम करतो, ताड, केळ, बांबू तोडतो. त्याचं अंग धुळीनं माखतं. आचार्य विचारतात, ही धूळ कशामुळं चिकटली? हातपाय हलवल्यामुळं नव्हे, तेलामुळं. तोच माणूस तेल पुसून त्याच जागी तेच सगळं करील, तर धूळ चिकटणार नाही. तेल म्हणजे राग-द्वेष. मूळ शब्द स्नेह आहे, आणि स्नेह म्हणजे तेलही आणि माया-ममताही.

आप्पा उठून आत गेले. जुन्या मागाचा एक लोखंडी तुकडा त्यांनी आठवण म्हणून ठेवला होता, तो घेऊन आले. "माग चालला की तूस सगळीकडं उडतंय. पर बसतंय कुठं? जिथं तेल घातलंय तिथं. कोरड्या लोखंडावरचं फुंकर मारली की जातंय. तेलातलं खरवडाय लागतंय." चाळीस वर्षं मागाला तेल घालणाऱ्या माणसाला तो दृष्टांत कळायला टीकाकारांची गरज पडली नव्हती.

गंमत नव्हे, खोल गोष्ट अशी की लोकार यांनीही हाच धागा धरला होता. प्रत्येक स्पर्श खूण ठेवतो, हे सुटसुटीत वाक्य पुढच्या लोकांनी केलं. त्यांनी स्वतः लिहिलं त्याचा आशय असा की गुन्ह्याच्या कृतीत जी तीव्रता असते, तिच्यासकट वागणाऱ्या माणसाच्या मागं खुणा राहतातच. तीव्रता! जैन आचार्य नेमिचंद्रांच्या 'द्रव्यसंग्रहा'त सांगितलं आहे की कर्माचा प्रकार आणि त्याचं प्रमाण मन-वचन-कायेच्या हालचालीवर ठरतं, पण ते किती काळ टिकेल आणि किती तीव्र फळ देईल हे कषायांवर, म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ यांच्यावर ठरतं. आमच्या टेबलावरही असंच असतं. किती तंतू जातील हे स्पर्शाच्या जोरावर आणि वेळावर, किती टिकतील हे घेणाऱ्या कापडाच्या पोतावर. गुळगुळीत नायलॉनवरून ते घसरतात, लोकरीत रुततात.

इथवर दोन्ही शास्त्रं हातात हात घालून चालतात, आणि इथंच त्यांची वाट फुटते. सूक्ष्मदर्शकाला धूळ दिसते, तेल दिसत नाही. निळा धागा पदराच्या पिनेत अडकला हे मला दिसलं. तो गळा आवळताना अडकला, की पाण्याच्या टाकीवर रांगेत धक्का लागून, की एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतून, हे मला दिसलं नाही. तंतू स्पर्श सांगतो, हेतू सांगत नाही. तो एका अंगावरून दुसऱ्यावर आणि तिथून तिसऱ्यावर जातो, त्यामुळं ज्याला कधी स्पर्शच झाला नाही त्याच्यावरही सापडतो. आणि तो टिकतही नाही. १९७५ साली इंग्लंडमध्ये पाउंड्स आणि स्मॉलडन यांनी मोजून दाखवलं की अंगावर आलेले बहुतेक तंतू पहिल्या काही तासांतच गळून जातात. खुनी माणूस दिवसभर हिंडला तर त्याचा शर्ट स्वच्छ होतो. त्याचं कर्म स्वच्छ होत नाही. एक हिशेब कोर्टात आहे, दुसरा जिवाला चिकटलेला आहे. कोर्टानं आणि कोर्टाच्या साक्षीदारानं दुसरा हिशेब आपल्याजवळ असल्याचा आव आणू नये.

हे मला इतक्या ठामपणे सांगता येतं, कारण माझा स्वतःचा एक धागा भलत्या जागी पडला होता.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं. डिसेंबर महिना. आईनं विणलेलं मरून रंगाचं लोकरीचं स्वेटर मी पांढऱ्या कोटाच्या आत घातलं होतं. एका प्रकरणातल्या कपड्यावरून उचललेल्या चिकटपट्टीवर तीन मरून लोकरीचे तंतू दिसले. आरोपीच्या घरातून जप्त केलेल्या शालीतही मरून लोकर होती. क्षणभर मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही लाज वाटते. मग माझं लक्ष कोटाच्या बाहीतून डोकावणाऱ्या माझ्या मनगटाकडं गेलं. स्वेटरचा धागा काढून तपासला. ते तीन तंतू माझे होते.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, तीनच तर तंतू आहेत, पट्टी बाद करा आणि पुढं चला, लिहायची गरज नाही. मी दोन दिवस गप्प राहिले. दुसऱ्या रात्री झोप लागली नाही. प्रतिक्रमणात, म्हणजे आपल्या दोषांच्या उजळणीत, आपण रोज म्हणतो की जाणता-अजाणता घडलेले दोष निंदावेत, पण ज्या दोषावर दुसऱ्याचं स्वातंत्र्य टांगलेलं आहे तो मनात निंदून भागत नाही. तिसऱ्या दिवशी नोंदवहीत तारीख घालून सगळं लिहिलं आणि अहवालातही घेतलं. त्यानंतर प्रयोगशाळेत मी कधी रंगीत लोकर घातली नाही.

पुढं कॅनडातल्या गाय पॉल मॉरिन यांचं प्रकरण वाचलं तेव्हा त्या दोन गप्प दिवसांची किंमत कळली. ओंटारिओ प्रांतात १९८४ साली नऊ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. शेजारी राहणाऱ्या मॉरिनवर आळ आला. पुराव्यात तंतू होते, त्यांच्या गाडीतले आणि मुलीच्या कपड्यांवरचे. १९८६ च्या खटल्यात ते सुटले, १९९२ च्या दुसऱ्या खटल्यात दोषी ठरले, आणि १९९५ साली डीएनए तपासणीनं निर्दोष ठरले. न्यायमूर्ती फ्रेड कॉफमन यांच्या आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात दिसलं की तंतूंचा पुरावा प्रयोगशाळेतच दूषित झाला होता आणि तपासणाऱ्यांना हे पहिल्या खटल्याआधीच ठाऊक असूनही त्यांनी ते सांगितलं नव्हतं. आयोगानं शब्दांवरही बोट ठेवलं. 'जुळतो', 'सुसंगत आहे' असे शब्द ऐकणाऱ्याला धागा जितकं सांगतो त्याहून कितीतरी जास्त सांगतात. २०२० साली पोलिसांनी दुसऱ्याच माणसाचं नाव जाहीर केलं. तो २०१५ मध्येच वारला होता. म्हणजे एक निरपराध माणूस खटले सोसत होता तेव्हा, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं, तो मोकळा होता.

माउली, तुम्ही विचारलंत ना, दिसलं तर सांगितलं का नाही? मला जे दिसलं ते मी सांगितलं. त्याहून एक शब्द जास्त सांगितला असता आणि तो चुकीचा निघाला असता, तर तुमच्या लेकीला मारणारा तुमच्याच गल्लीत फिरत राहिला असता आणि त्याचा शोध घेणंसुद्धा थांबलं असतं. माझं 'असू शकतो' आरोपीसाठी होतं तितकंच तुमच्या लेकीसाठी होतं.

गणावरून जण ठरवायची चूक आपल्या देशानं कायदा करून केली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसं जन्मानंच गुन्हेगार ठरवली. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. १९५२ साली तो कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस कुणाच्या पालांकडं आधी वळतात हे आपल्याला माहीत आहे. 'या गणातला आहे' आणि 'यानंच केलं' यांच्यामधलं अंतर ज्याला दिसत नाही, त्याच्या हातात सूक्ष्मदर्शक देऊन उपयोग नाही.

आप्पांनी त्या रविवारी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिनं माझं लिहिणं बदललं. मी म्हटलं, "माझं 'असू शकतो' म्हणजे आपला स्याद्वादच झाला." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "न्हाई. स्यात् म्हंजे कदाचित न्हवं. स्यात् म्हंजे कुठल्या अपेक्षेनं ते सांगून बोलणं. घट आहे, मातीच्या अपेक्षेनं. घट न्हाई, कापडाच्या अपेक्षेनं. तू अपेक्षा सांगितलीस का?"

नव्हती सांगितली. 'असू शकतो' म्हणून मी थांबले होते, आणि अर्धवट शब्द दोन्ही वकिलांनी आपापल्या बाजूला ओढला होता. त्यानंतर मी अहवाल असा लिहू लागले: तंतूचा प्रकार, जाडी, रंगाचा वर्णपट या अपेक्षांनी हा धागा या शर्टाहून वेगळा दिसत नाही. याच लॉटच्या कापडापासून शिवलेल्या कुठल्याही गणवेशाहूनही तो वेगळा दिसत नाही. तो कधी आणि कसा आला हे या तपासणीनं कळत नाही. अहवाल लांबले. तपासी अंमलदार कुरकुरले. पण वाक्य एकटं कोर्टात गेलं तरी स्वतःच्या पायावर उभं राहू लागलं. अहिंसा म्हटलं की आपण गाळलेलं पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचं जेवण यांचा विचार करतो. मला वाटतं, जितकं पाहिलं त्याहून अधिक न बोलणं ही साक्षीदाराची अहिंसा आहे. अधिकचा शब्द कुणाच्या तरी अंगावर पडतोच.

त्या खटल्याचा निकाल इतर पुराव्यांवर लागला. तो काय लागला हे मुद्दाम सांगत नाही. सांगितला तर वाचक माझा शब्द निकालावरून मोजतील. शब्द खरा की खोटा हे त्या क्षणी हातात काय होतं यावरून ठरतं.

आप्पा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. आई त्यांच्या आधीच गेली होती. घर आवरताना पत्र्याच्या पेटीत आप्पांचा कामाचा एक शर्ट मिळाला. खांद्याच्या शिवणीत, जिथं झटकूनही तूस निघत नाही तिथं, अजून कापूस होता. मी तो पुण्याला घेऊन आले. माझ्याकडं एक साधा सूक्ष्मदर्शक आहे, शाळेतल्या मुलांना दाखवायला ठेवलेला. शिवणीवर चिकटपट्टी दाबली, काचेवर लावली आणि पाहिलं. पीळ पडलेल्या पांढऱ्या फिती, शेकड्यांनी. आणि त्यांच्यात आडवा पडलेला, खवल्यांचा, मरून लोकरीचा एक तंतू.

आईनं ते स्वेटर विणलं तेव्हा आप्पांच्या शेजारी बसून विणलं असेल. किंवा त्यांच्या खांद्याला हात लावला असेल. किंवा मीच तो शर्ट उचलताना, त्या स्वेटरशेजारून पेटीतून काढताना, माझ्या हातून तो धागा गेला असेल. किती वेळ मी भिंगातून डोळा काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला 'आहे' म्हणायचं होतं.

मग वही उघडली आणि लिहिलं: मरून लोकरीचा एक तंतू, रंग आणि प्रकार या अपेक्षेनं आईच्या स्वेटरच्या धाग्याहून वेगळा दिसत नाही, कसा आला, हे या तपासणीनं कळत नाही. काच पुसली नाही. ती तशीच, नाव-तारखेची चिठ्ठी लावून, ठेवली आहे.